रणभूमीवरील रमजान आणि ईद

रमजानचा चंद्र दिसला की घरोघरी सहरी-इफ्तारची लगबग सुरू होते. ईदला आप्तेष्ट एकमेकांची गळाभेट घेतात. परंतु जो शिपाई घरापासून दूर छावणीत आहे, ज्याचे रोजे सुटले, ज्याला ईदगाहही लाभले नाही, त्याचा सण अपुरा राहिला काय? या प्रश्नाचे उत्तर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातच आहे.

हिजरी सन ८ च्या रमजानमध्ये प्रेषित (स.) दहा हजार अनुयायांसह मदिनेहून मक्केकडे निघाले. प्रारंभी सर्वांचे रोजे होते. वाटेत प्रेषितांनी (स.) सर्वांना दिसेल अशा रीतीने पाणी पिऊन रोजा सोडला. हजरत अबू सईद खुदरी (र.) सांगतात की, शत्रू जवळ आल्याने रोजा सोडणे बळ टिकविण्यास हिताचे आहे, असे प्रेषितांनी (स.) प्रथम सुचविले. तेव्हा काहींनी रोजा सोडला, काहींनी ठेवला. पुढच्या मुक्कामी मात्र, उद्या सकाळीच शत्रूशी गाठ पडणार असे दिसताच, तीच सूचना आज्ञा झाली आणि सर्वांनी रोजा सोडला.

हजरत अनस (र.) यांनी दुसऱ्या एका प्रवासातील प्रसंग कथन केला आहे. कडक उन्हात रोजेदार थकून पडले. ज्यांचा रोजा नव्हता त्यांनी तंबू उभारले, जनावरांना पाणी पाजले. त्या दिवसाचे पुण्य रोजा नसलेल्यांनी मिळविले, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. म्हणजेच, आपल्या उपासनेचा भार सोबत्यांच्या खांद्यावर पडत असेल, तर सोबत्यांची सेवा हीच त्या दिवसाची श्रेष्ठ उपासना ठरते.

मक्का-विजयानंतर प्रेषित (स.) तेथे १९ दिवस राहिले. या काळात ते चार रकअतींची नमाज दोन रकअती अदा करीत. त्या वर्षीची ईद-उल-फित्र मदिनेतील घरी नव्हे, तर याच मुक्कामात आली. आणि शव्वालमध्येच हुनैनच्या लढाईस जावे लागले.

यातून शिपायाने काय घ्यावे? सुटलेले रोजे इतर दिवसांत पूर्ण करावेत. सूरह बकराच्या १८५ व्या आयतीत प्रवासी व आजारी यांना ही सवलत दिली आहे. प्रवाशावर ईदची नमाज बंधनकारक नाही. कोकणात प्रचलित असलेल्या शाफई मतानुसार ती एकट्यानेही अदा करता येते. सदका-ए-फित्र मात्र विसरू नये. त्याच्या अनुमतीने घरच्यांनाही तो त्याच्यातर्फे देता येतो.

घरच्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. ईदच्या दिवशी त्याचा फोन आला, तर ‘तुझी ईद झालीच नाही’ असे म्हणून त्याचे मन खिन्न करू नये. नव्या वस्त्रांवाचून आणि शिरखुर्म्यावाचूनही ईद होते. अल्लाहने दिलेली सवलत कृतज्ञतेने स्वीकारणे, हीसुद्धा त्याची आज्ञा पाळणेच होय.