अर्धा गुडघा बदलतात म्हणजे काय करतात?

प्रश्न : आईचं वय ६४. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एका डॉक्टरांनी पूर्ण गुडघा बदलायला सांगितलं. दुसरे म्हणाले, ‘तीन-साडेतीन इंचांच्या छेदातून अर्धाच बदलू, दुसऱ्या दिवशी घरी जाता येईल.’ शेजारी म्हणतात, हे दुर्बिणीचं ऑपरेशन. अर्धा गुडघा बदलतात म्हणजे नक्की काय करतात? आणि एवढ्या लहान छेदात भागत असेल, तर सगळ्यांचंच तसं का करत नाहीत?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन लहान गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत : लहान छेद आणि लहान इम्प्लांट. त्यांतली महत्त्वाची कोणती, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. पण आधी शेजाऱ्यांची दुर्बीण बाजूला ठेवू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

दुर्बिणीने सांधा बदलता येत नाही. सांध्यात घालायची दुर्बीण ही साधारण चार मिलिमीटर जाडीची नळी असते. तिच्यासाठी पाडलेल्या छिद्रांतून फाटलेली गादी शिवता येते, तुटलेल्या लिगामेंटच्या, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्ट्याच्या जागी नवं बसवता येतं. बदलायचा धातूचा भाग मात्र कितीही लहान घेतला तरी बोटाच्या दोन पेरांएवढा भरतो, तो छिद्रातून आत जाणार कसा? झिजलेला गुडघा दुर्बिणीने ‘साफ करून’ घेण्याची टूम एके काळी जोरात होती. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी १८० रुग्णांवर तिची परीक्षा घेतली. काहींच्या गुडघ्याची खरी सफाई केली, काहींना वरवरचे छेद देऊन नुसते टाके घातले. दोन वर्षांनी पाहिलं तर सगळ्यांचं दुखणं सारखंच. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. तेव्हा आईला कुणी हा मधला मार्ग सुचवला, तर घाई करू नका.

दुसरा लोकप्रिय समज वंगणाचा. ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ हे आपल्याकडे इतक्या खात्रीने सांगतात की ऐकणाऱ्याला आता तेल कुठून घालायचं तेवढंच विचारायचं उरतं. प्रत्यक्षात झिजलेल्या गुडघ्यात पाणी कमी होण्याऐवजी पुष्कळदा वाढतं, म्हणून तर तो सुजतो. संपते ती कूर्चा. हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा पांढरा, गुळगुळीत थर असतो, ती ही कूर्चा. तिला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे ती झिजत असताना फारसा बोभाटा होत नाही. ती पार गेली आणि हाड हाडावर घासू लागलं की माणूस जिना टाळायला लागतो. प्रौढ वयात ही कूर्चा पूर्वीसारखी भरून येत नाही.

आता अर्ध्या गुडघ्याकडे वळू. गुडघ्यात तीन कप्पे असतात : आतल्या बाजूचा, म्हणजे दुसऱ्या पायाकडे असलेला, बाहेरच्या बाजूचा, आणि वाटीमागचा. चालताना निम्म्याहून बराच जास्त भार आतल्या कप्प्यावर येतो. त्यामुळे पुष्कळांचा गुडघा आतल्या बाजूनेच आधी झिजतो आणि पाय हळूहळू बाहेरच्या अंगाला बाक धरतो. चपलेची टाच एका बाजूनेच झिजावी तसं हे असतं. अशा वेळी चांभार तेवढ्या टाचेलाच पट्टी मारून देतो, आख्खा तळ उपटत नाही. गुडघ्याच्या बाबतीत या पट्टीला डॉक्टर ‘पार्शल’ म्हणतात आणि रुग्ण ‘अर्धा गुडघा’. तीनांतला एक कप्पा म्हणजे खरं तर तो अर्धाही नाही.

‘बदलणं’ या शब्दानेही उगाच धडकी भरते. पूर्ण गुडघा बदलतात तेव्हासुद्धा आख्खा सांधा कापून काढत नाहीत. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं साधारण ८ ते १० मिलिमीटर तासतात, त्यांवर धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये पॉलिथिलिनची, म्हणजे चिवट प्लास्टिकची चकती ठेवतात. आजच्या पूर्ण गुडघ्याचा पाया १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये घातला गेला, आणि ते डिझाइन करणाऱ्यांत डॉ. चित्तरंजन राणावत होते. पुढे २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा त्यांनीच बदलला आणि पुढच्या वर्षी उजवाही. हे ऑपरेशन आपल्याकडे घरोघरी माहीत झालं त्यात या बातमीचा वाटा मोठा होता.

अर्ध्या गुडघ्याचं सर्वांत जास्त अभ्यासलं गेलेलं डिझाइन इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचं. शल्यविशारद जॉन गुडफेलो आणि अभियंता जॉन ओ’कॉनर यांनी ते १९७०च्या दशकात घडवलं. त्यात मांडीच्या हाडाला धातूचा गोलाकार भाग, नडगीच्या हाडावर सपाट पट्टी आणि दोहोंमध्ये सुटी, सरकणारी प्लास्टिकची चकती असते. ही चकती तीन मिलिमीटर जाडीपासून मिळते. आधी हीसुद्धा मोठ्या छेदातूनच बसवत. १९९०चं दशक सरता सरता अवजारं लहान झाली आणि मग छेदही आठ-दहा सेंटिमीटरवर आला.

हा छेद वाटीच्या आतल्या कडेने खाली उतरतो. पाय आधारावर लोंबता ठेवतात, म्हणजे गुडघा हवा तसा वाकवता येतो आणि कातडी सरकवत त्याच छेदातून कधी वरचा, कधी खालचा भाग पाहता येतो. बारीक करवतीने नडगीच्या हाडाच्या आतल्या बाजूची चकती कापून बाहेर काढतात. अनुभवी सर्जन ती लगेच टाकून देत नाही, आधी निरखून पाहतो. चकतीचा पुढचा आणि मधला भाग घासून गुळगुळीत झालेला आणि मागच्या कडेला पांढरी कूर्चा शाबूत, असं दिसलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. झीज पुढेच थांबली याचा अर्थ गुडघ्यातलं पुढचं क्रूशिएट लिगामेंट काम करत होतं, आणि अर्धा गुडघा त्या लिगामेंटच्या भरवशावरच चालतो. नंतर मांडीचं हाड एकेक मिलिमीटर घासत, गुडघा वाकवल्यावर आणि सरळ केल्यावर मधली फट सारखी राहते का, हे पट्ट्या घालून मोजतात. दोन्ही फटी जुळल्या की धातूचे भाग सिमेंटने चिकटवायचे आणि शेवटी प्लास्टिकची चकती आत सारायची. ती ‘टक्’ करून बसते.

यात काय कापलं नाही, ते पाहा. पूर्ण गुडघ्याच्या नेहमीच्या पद्धतीत वाटीच्या वर मांडीच्या स्नायूचा जाड कंडरा उभा चिरतात आणि वाटी बाजूला उलटवतात. इथे वाटी नुसती किंचित बाजूला सरते, कंडरा जवळपास तसाच राहतो, दोन्ही क्रूशिएट लिगामेंट जागच्या जागी राहतात. आई दुसऱ्या दिवशी वॉकर धरून संडासला जाऊ शकेल ती यामुळे. कातडीवर टाके आठ आहेत की वीस, याने त्यात फारसा फरक पडत नाही. इम्प्लांट लहान आहे म्हणून आत कमी कापावं लागतं, आणि आत कमी कापायचं म्हणून बाहेरचा छेद लहान पुरतो.

हा क्रम उलटा केला की काय होतं, ते या शतकाच्या सुरुवातीला दिसलं. पूर्ण गुडघा आणि पूर्ण खुबासुद्धा लहानात लहान छेदातून बदलण्याची चढाओढ तेव्हा लागली होती. जाहिरातींत इंच मोजले जायचे. दोन-चार आठवडे थोडं बरं वाटायचं, पण वर्षभराने फरक राहत नसे. आणि जागा अपुरी पडली की इम्प्लांट तिरका बसण्याची, ताणून कातडीच्या कडा खराब होण्याची, सिमेंटचा तुकडा मागे राहून जाण्याची भीती. ती लाट बरीचशी ओसरली हे बरंच झालं. आता रोबोटची आहे. त्यातही हाड कापणारी करवत बहुतेकदा सर्जनच्याच हातात असते. यंत्र तिला ठरलेल्या रेषेपलीकडे जाऊ देत नाही, एवढंच. लेझरने मात्र कुणी गुडघा बदलत नाही, फलकावर काही लिहिलेलं असो.

मग सगळ्यांचंच असं का करत नाहीत? कारण पट्टी मारायला बाकीचा तळ धड हवा. झीज एकाच कप्प्यात, बाहेरच्या कप्प्यातली कूर्चा पूर्ण जाडीची, क्रूशिएट लिगामेंट शाबूत आणि पायाचा बाक हाताने दाबल्यावर सुटणारा, एवढं सगळं जुळावं लागतं. आमवातात कूर्चा सगळ्याच कप्प्यांतली खराब होते, तिथे हा मार्ग बंद. आपल्याकडे माणसं उंबरा ओलांडवेनासा झाल्यावरच डॉक्टरांकडे जातात, तोवर झीज पुष्कळदा दुसऱ्या कप्प्यात शिरलेली असते. वय आणि वजन यांचा बाऊ मात्र पूर्वीइतका उरलेला नाही. १९८९ साली अमेरिकेतल्या दोन सर्जननी साठीच्या आतल्यांना आणि ८२ किलोंवरच्यांना अर्धा गुडघा नको असं लिहिलं होतं आणि ते वर्षानुवर्षं प्रमाण मानलं गेलं. ऑक्सफर्डच्या रुग्णांचा हिशेब मांडल्यावर निदान त्या डिझाइनला तरी ही अट लागू पडेना.

तुमच्या आईसाठी कळीची वस्तू आहे एक्स-रे, आणि तो उभं राहून काढलेला हवा. झोपवून काढला तर भार नसतो, फट उघडी दिसते आणि झीज लपते. बाजूने काढलेला आणि गुडघा एका अंगाला दाबून धरून काढलेला असे आणखी दोन फोटो असले, तर बाहेरचा कप्पा कसा आहे तेही कळतं. दोन डॉक्टरांची दोन मतं पडली आहेत, तर दोघांनी तेच फोटो पाहिले का, हे आधी विचारा. वेगवेगळे फोटो पाहून वेगवेगळं मत पडलं असेल, तर त्यात नवल नाही.

टिकण्याचं काय, असं तुम्ही विचारलं नाही. पण विचारायला हवं होतं. इंग्लंड-वेल्समधल्या लाखाहून जास्त रुग्णांची जुळणी करून २०१४ साली जी तुलना छापली गेली, तिच्यात अर्ध्या गुडघेवाल्यांना गंभीर गुंतागुंत आणि मृत्यूचा धोका कमी निघाला, मुक्कामही कमी. पण पुन्हा ऑपरेशन करून इम्प्लांट बदलण्याचं प्रमाण दुपटीहून थोडं जास्त. यावर अर्ध्या गुडघ्याच्या कैवाऱ्यांचं म्हणणं असं की अर्ध्याचा पूर्ण करणं सोपं असतं, म्हणून जरा दुखलं की डॉक्टर तो बदलून टाकतात. पूर्ण गुडघा तेवढाच दुखला तर लोक सोसतात. त्यात तथ्य आहे, पण ते अख्खं उत्तर नाही. हे ऑपरेशन क्वचित करणाऱ्यांच्या हातून ते जास्त बिघडतं, हेही आकड्यांत दिसलं आहे. म्हणून डॉक्टरांना छेदाची लांबी विचारू नका, वर्षाला असे किती अर्धे गुडघे बसवता ते विचारा. पुढे ५२८ रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत विभागून पाच वर्षं पाहिलं गेलं. २०१९ साली आलेल्या त्या निकालात दोन्ही गट जवळपास सारखेच बरे निघाले, खर्चात अर्धा गुडघा स्वस्त पडला. तेव्हा पूर्ण गुडघा सुचवणारे पहिले डॉक्टर जुनाट आहेत, असं समजायचं कारण नाही.

मापाचा मुद्दा आपल्याकडच्या बायकांसाठी खास आहे. नडगीवरची पट्टी हाडाच्या कडेबाहेर तीनेक मिलिमीटर आली तरी ती लिगामेंटला घासते आणि दुखत राहतं. फार लहान घेतली तर हाडात रुतू शकते. लहान चणीच्या बाईला अगदी लहान माप लागतं, आणि ते ऑपरेशनच्या दिवशी तिथे हजर असावं लागतं. जमिनीवर बसण्याचंही आधीच बोलून घ्या. अर्धा गुडघा साधारणपणे पूर्णापेक्षा चांगला वाकतो, पण सरकत्या चकतीचा असेल तर फार खोल वाकवण्याची सवय असलेल्यांत चकती निसटण्याचा धोका जास्त. उकिडवं बसून भांडी घासणं बंदच करायचं की अधूनमधून चालेल, हे कोणता इम्प्लांट बसवला त्यावर ठरेल.

खर्चाबद्दल थोडक्यात : केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण गुडघ्यासाठी तेव्हा ती कर सोडून ५४,७२० रुपये होती. ही मर्यादा इम्प्लांटपुरती आहे, खोली, भूल आणि सर्जनची फी तिच्यात येत नाही. म्हणून बिलात इम्प्लांटची ओळ वेगळी दाखवायला सांगा. दोन्ही गुडघ्यांना एकच उपाय लागतो असंही नाही. आईचा उजवा पूर्ण आणि डावा अर्धा असं होऊ शकतं, किंवा डाव्याला तूर्त नुसता व्यायाम पुरेल.

विमानतळावर यंत्र वाजेल का, असंही पुष्कळजण विचारतात. वाजू शकतं. डॉक्टरांचं पत्र जवळ असलं तरी हाताने तपासणी होतेच, थोडा वेळ जास्त धरून निघा. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर गुडघ्यात इम्प्लांट आहे हे आधी सांगा आणि त्याचं कार्ड दाखवा. तो बहुधा काढता येतो, फक्त गुडघ्याजवळचं चित्र धातूमुळे खराब येतं.