पंधरा मिनिटांची पट्टी आणि नवापूरचा धडा

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, ही गंमत आपल्या होस्टेलवर बऱ्याच जणांना ठाऊक असेल. मी नंदुरबार जिल्ह्यातलाच. पण आमचं नवापूर देशभर गाजलं ते वेगळ्याच कारणाने. १८ फेब्रुवारी २००६ रोजी इथल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू, म्हणजे एच५एन१ विषाणू, असल्याचं जाहीर झालं. भारतातला हा पहिलाच उद्रेक!

शेडमध्ये मरतूक त्याआधीच सुरू झाली होती. पण 'ही तर मानमोडी' असं अनेकांना वाटत होतं. मानमोडी म्हणजे राणीखेत. दोन्ही रोग विषाणूंचे, दोन्हींत श्वासाला त्रास आणि पटापट मरतूक. नुसत्या डोळ्यांनी फरक कळणं अवघडच. पक्कं उत्तर आलं ते भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेतून. मग लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि शेजारच्या गुजरातमधल्या उच्छल भागातही रोग सापडला. विषाणूला स्टेशनवरची सीमारेषा थोडीच दिसते?

मग प्रश्न पडतो, शेडच्या दारातच तपासणी करता येणार नाही का? येते की! कोंबडीच्या घशातला स्वॅब द्रावणात बुडवायचा आणि थेंब पट्टीवर टाकायचे. पट्टीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेली प्रतिपिंडे असतात. ती विषाणूच्या प्रथिनाला पकडून पुढे सरकतात आणि ठरलेल्या जागी अडकतात. पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. कोविडच्या काळात हीच पट्टी आपण सगळ्यांनी पाहिली.

पण रेघ काय सांगते, हे नीट समजून घ्या. साधारण मिळणारी पट्टी 'इन्फ्लुएन्झा ए आहे' एवढंच सांगते; तो एच५ आहे का, हे नाही. आणि रेघ उमटली नाही म्हणजे रोग नाही, असंही नाही.

आता थोडं गणित. समजा, पट्टी शंभर बाधित कोंबड्यांपैकी ७० ओळखते. एकच कोंबडी तपासली तर चुकण्याची शक्यता ०.३. मेलेल्या पाच बाधित कोंबड्या तपासल्या तर पाचही पट्ट्या कोऱ्या येण्याची शक्यता ०.३ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.००२४. चारशेत एक! आपल्या भाषेत सांगायचं तर ही रिडन्डन्सी. मात्र सगळं किट मे महिन्यात जीपमध्ये तापलं असेल, तर पाचही पट्ट्या एकदम फसतील. तिथे हे गणित चालत नाही.

उलट बाजूही बघा. निरोगी हजार कोंबड्यांत पट्टी फक्त एक टक्का चुकली, तरी दहा खोट्या रेघा उमटतील. त्यावरून शेड रिकामी करायची का? म्हणून पक्कं निदान आरटी-पीसीआरनेच. पीसीआरला तापमान सारखं वर-खाली करावं लागतं. 'लॅम्प' नावाच्या पद्धतीत मात्र साधारण ६५ अंशांवर तासाभरात काम होतं. बॅटरीवर चालणारा, तापमान स्थिर ठेवणारा छोटा हीटर म्हणजे आपल्यासाठी झकास प्रोजेक्टच की! फक्त संशयित नमुन्याला आपण हात लावायचा नाही. ते काम पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचं.

हा विषय कोंबड्यांपुरता राहिलेला नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ सापडला, आणि विषाणू सर्वांत जास्त होता तो दुधात! नुसतं नाक तपासलं असतं तर तो हातचा निसटला असता. चाचणी कितीही भारी असो, नमुना कुठून घ्यायचा हे आधी कळायला हवं.

नवापुरात फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लू पुन्हा आला. म्हणून गावाकडच्या मंडळींना एवढं जरूर सांगा: अचानक मरतूक दिसली की पट्टी कोरी आली तरी पक्षी विकायचे नाहीत, उघड्यावर फेकायचे नाहीत, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. पट्टी वेळ वाचवते. तो वाचलेला वेळ वापरायचा की घालवायचा, हे मात्र माणसाच्याच हातात आहे.