लॅटिनची डिपोनंट क्रियापदे : संस्कृत शिकलेल्यांसाठी काही अनुभवाचे बोल

लॅटिन शिकणाऱ्या बहुतेकांची गाडी डिपोनंट क्रियापदांपाशी अडते. रूप कर्मणी प्रयोगाचं, अर्थ मात्र कर्तरी. 'आमातुर' म्हणजे त्याच्यावर प्रेम केलं जातं. 'लोक्वितुर' म्हणजे मात्र तो बोलतो. शेवटचा '-तुर' दोन्हीकडे तोच. पण शाळेत ज्यानं संस्कृत केलं आहे, त्यानं इथे घाबरायचं काहीच कारण नाही, हे शिकताना आणि शिकवताना मला पुन्हा पुन्हा जाणवलं.

१. नुसता अर्थ पाठ करू नका. कोशात साध्या क्रियापदाची मुख्य रूपं चार असतात, डिपोनंटची तीन : लोक्वोर, लोक्वी, लोकूतुस सुम. नोंदीतलं पहिलंच रूप '-ओर'नं संपलं, तर ते डिपोनंट. तिन्ही रूपं मोठ्यानं म्हणा.

२. आत्मनेपद आठवा. माझ्या मते सगळी किल्ली इथेच आहे. बहुतेक पाठ्यपुस्तकं या क्रियापदांकडे अपवाद म्हणून बघतात, पण तुलनात्मक भाषाशास्त्र वेगळं सांगतं. क्रियेचं फळ कर्त्याकडेच राहतं असं दाखवणारी एक जुनी रूपावली होती. ती ग्रीकमध्ये टिकली, संस्कृतात आत्मनेपद म्हणून टिकली. लॅटिनमध्ये ती आणि कर्मणी प्रयोग यांचे प्रत्यय एकच झाले. म्हणून 'मोरितुर'च्या शेजारी 'म्रियते' ठेवा, 'नास्कितुर'च्या शेजारी 'जायते', 'सेक्वितुर'च्या शेजारी वेदातलं 'सचते'. या जोड्या सख्ख्या नात्यातल्या आहेत आणि संस्कृतातले हे तिन्ही धातू इथे आत्मनेपदातच चालले आहेत.

आणखी एक पाहा. 'गम्यते' कर्मणी, 'मन्यते' आणि 'जायते' दिसायला अगदी तसेच, तोच 'य', तोच 'ते', तरीही कर्तरी. शाळेत आपण ते सहज पचवलं, कारण धातूपुढे '४ आ.प.' लिहिलेलं असायचं. लॅटिन कोशातला '-ओर' नेमकं तेच काम करतो.

३. भूतकालवाचक धातुसाधितावर वेळ घालवा, कारण वाचताना खरा फायदा तिथे होतो. साध्या लॅटिन क्रियापदाचं हे विशेषण आपल्या क.भू.धा.वि.सारखं कर्मणी असतं : 'वोकातुस', म्हणजे बोलावलेला. 'बोलावून' असं एका शब्दात म्हणायची सोय त्या क्रियापदाला नाही. म्हणून 'सैनिकांना बोलावून सेनापती निघाला' हे सांगायला रोमन माणूस 'मीलितिबुस वोकातीस' म्हणतो, म्हणजे सैनिक बोलावले गेल्यावर. आपल्या सतिसप्तमीसारखी रचना. डिपोनंट आलं की मात्र वाट मोकळी : 'दुक्स मीलितेस होर्तातुस दिस्केस्सित', सैनिकांना धीर देऊन सेनापती निघाला. हा 'होर्तातुस' म्हणजे थेट आपलं 'ऊन'! 'प्रोफेक्तुस' हे तर 'प्रस्थितः'सारखंच, रूप क्तान्ताचं आणि अर्थ 'निघालेला'. सीझरचं गद्य इतकं वेगानं पळतं, त्यात अशा धातुसाधितांचा वाटा मोठा आहे.

४. सगळीच रूपं कर्मणी नसतात. 'लोक्वेन्स' (बोलणारा) आणि 'लोकूतूरुस' (बोलणार असलेला) रूपानंही कर्तरी. उलट 'सेक्वेन्दुस' अर्थानंही कर्मणी : ज्याच्यामागे जावं असा. संस्कृतातही 'म्रियते' आत्मनेपदी, पण भविष्यकाळ 'मरिष्यति' परस्मैपदी; तेव्हा अशी सरमिसळ आपल्याला नवी नाही. आज्ञार्थ जपून वाचा. 'सेक्वेरे' दिसतं 'रेगेरे' (राज्य करणं) या साध्या क्रियापदाच्या मूळ रूपासारखं, पण अर्थ 'मागे ये'.

५. ऊतोर, फ्रुओर, फुंगोर, पोतिओर, वेस्कोर या पाचांसोबत अ‍ॅब्लेटिव्ह विभक्ती येते. पाठांतर करण्याआधी लक्षात घ्या की लॅटिनच्या या विभक्तीनं जुन्या तृतीयेचं कामही अंगावर घेतलं आहे. 'ग्लादिओ ऊतितुर' म्हणजे तो तलवारीनं आपलं काम भागवतो. 'कार्ने वेस्कितुर' म्हणजे तो मांसानं पोट भरतो. असा अर्थ लावला की विभक्ती आपोआप बसते.

६. औदेओ, गौदेओ, सोलेओ, फीदो ही चार अर्धी डिपोनंट. वर्तमानकाळ साधा, पूर्ण भूतकाळ 'औसुस सुम' असा. चारच आहेत, पाठ करून टाका.

७. हा विषय शेवटावर ढकलू नका. फ्रेडरिक व्हीलॉक यांच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात एकूण ४० प्रकरणं आहेत. कर्मणी प्रयोग १८व्या प्रकरणात सुरू होतो आणि डिपोनंट येतात थेट ३४व्यात. माझ्या मते हे फार उशिरा आहे. तुम्ही संस्कृत शिकला असाल, तर २१व्या प्रकरणात कर्मणीचे प्रत्यय पुरे झाले की लगेच ३४वं उघडा, आणि वहीत प्रत्येक डिपोनंटपुढे बिनदिक्कत 'आ.प.' लिहा.