पोच घेतल्याशिवाय उठू नका

“आजी, पैसे घेतले असतील तुम्ही. विसरला असाल.”

शाखेतल्या त्या अधिकाऱ्याचं हे वाक्य आठवलं की अजूनही अंगाची लाही होते. 34 वर्षं गणित शिकवलं मी. 10,000 रुपये हातात पडले की नाही, एवढं मला कळतं.

एटीएम घरघरलं, नोटा मोजल्याचा आवाज आला, पण झडप उघडलीच नाही. पावतीही नाही. मोबाइलवर मात्र पैसे काढल्याचा मेसेज आला. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन तीन दिवसांवर होतं. यंत्र दुसऱ्या बँकेचं, म्हणून आधी तिथे धावले. ती माझी चूक. आपलं कार्ड ज्या बँकेचं, तक्रार तिच्याकडेच करायची.

मग माझ्या शाखेत 23 दिवसांत पाच खेपा. “बघतो”, “वर कळवलंय”, “साहेब रजेवर आहेत.” सहाव्या खेपेला मी तक्रारीचा नंबर विचारला. त्याने संगणकात पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “तुमच्या नावावर तक्रारच नाही.” पाच वेळा त्याच खुर्चीत बसून सांगितलं, त्याने मान डोलावली, आणि नोंद एका ओळीची नाही! टेबलाची कड धरून उभी राहिले मी.

मी मुख्याध्यापिका होते. पालक तावातावाने यायचे, कधी चुकीचंही बोलायचे. पण त्यांचं म्हणणं वहीत उतरवून, उत्तर कधी देईन ती तारीख सांगितल्याशिवाय मी कुणाला परत पाठवलं नाही. तक्रार ऐकणाऱ्याला एवढं तरी जमलं पाहिजे.

त्याच दिवशी तिथेच बसून अर्ज लिहिला. तुम्ही पहिल्याच दिवशी लिहा. दोन प्रती काढा. तारीख, वेळ, एटीएमचं ठिकाण, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं आणि त्या दिवशीची यंत्रातली रोकड ताडून पाहावी, ही मागणी त्यातच करा. चित्रण कायम राहत नाही. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही घ्या. शांत राहा, कागद जपा.

रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे: खात्यातून वजा झालेले पण हाती न आलेले पैसे पाच दिवसांत परत, पुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. शाखेत हे मला कुणी सांगितलं नाही.

अर्जानंतर मेसेज आला: व्यवहार यशस्वी, तक्रार बंद. त्यांनी बंद म्हटलं म्हणून ती बंद होत नाही. उत्तर पटलं नाही, किंवा 30 दिवसांत आलंच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. शुल्क नाही, वकील नाही. ऑनलाइन जमत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या चंडीगडमधल्या तक्रार केंद्राला पत्र पाठवा. सोबत शिक्क्याची प्रत जोडा. माझं सगळं तिच्यावरच उभं राहिलं.

लोकपालाकडून विचारणा झाल्यावर रोकड तपासली गेली. त्या दिवशी यंत्रात 10,000 रुपये जास्त निघाले होते. म्हणजे माझे पैसे पहिल्यापासून त्यांच्याच नोंदीत होते. 81 दिवसांनी ते परत आले. 76 दिवसांची 7,600 रुपये भरपाई पुन्हा पत्र लिहिल्यावर मिळाली.

बँकेच्या पत्रात ‘तांत्रिक त्रुटी’ असा शब्द आहे. मी विसरले नव्हते, हे मात्र कुणी लिहून दिलेलं नाही.