गणकाची आरंभव्यवस्था

गेल्या वर्षीं इयत्ता नववींतील एका मुलीच्या वहीवर मीं लाल शाईनें फुली मारली. गणित सरळव्याजाचें होतें. मुद्दल ५००० रुपये, व्याजाचा दर दरसाल दर शेंकडा ७.२५, मुदत ३ वर्षें. उत्तर १०८७ रुपये ५० पैसे यावयास पाहिजे होतें. तिनें १०५० रुपये लिहिलें होतें. 'आंकडे उतरून घेतांना लक्ष नव्हतें' असा शेराही मीं खालीं दिला. दुसऱ्या दिवशीं ती मला संगणकाच्या खोलींत घेऊन गेली आणि म्हणाली, "सर, तुम्हीच पाहा." तिनें माझ्या देखत तेंच गणित संगणकास घातलें आणि त्यानें १०५०.०० हेंच उत्तर दिलें. चूक माझी होती. ती कशी झाली हें समजण्यासाठीं, विद्यार्थिमित्रहो, आपल्या खोलींतील 'बीसी' नांवाच्या गणकाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

'बीसी' हा चित्रें व बटणें नसलेला गणितकार्यक्रम आहे. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर बी आणि सी हीं दोन रोमन अक्षरें लिहून कळ दाबली कीं तो सुरू होतो. आपण एक ओळ लिहावी, त्यानें एका ओळींत उत्तर द्यावें, इतकाच त्याचा व्यवहार. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रॉबर्ट मॉरिस व लोरिंडा चेरी यांनीं तो रचला आणि १९७५ सालच्या युनिक्सबरोबर तो बाहेर आला. आज लिनक्सवर बहुधा त्याची ग्नू आवृत्ति असते, व पुढें सांगितलेलें सर्व तिलाच धरून आहे. संख्या कितीही लांब असो, ती बीसी न कुरकुरतां हाताळतो. घरच्या खिशांतल्या गणकयंत्रास हें साधत नाहीं.

परंतु त्याचा एक स्वभाव नवख्यास चकवितो. कांहींही न सांगतां त्यास ७ भागिलें २ विचारा. तो ३ म्हणतो. भागाकारांत दशांशचिन्हापुढें किती स्थळें ठेवावयाचीं हें तो 'स्केल' नांवाच्या एका संख्येवरून ठरवितो, आणि ती संख्या आरंभीं शून्य असते. एस-सी-ए-एल-ई हा शब्द लिहून 'बरोबर २' असें सांगितलें कीं तोच भागाकार ३.५० येतो. बीसी बंद केला कीं ही सूचना पुसली जाते, व उद्यां पुन्हां शून्यापासून आरंभ.

रोज रोज हें कोणी सांगावें? म्हणून बीसीच्या कर्त्यांनीं एक सोय ठेविली आहे. आपल्या सूचना एका साध्या फाइलींत लिहून ठेवावयाच्या, आणि त्या फाइलीचा पूर्ण पत्ता एका विशिष्ट नांवाखालीं संगणकास कळवावयाचा. तें नांव असें: बी-सी, अधोरेषा, ई-एन-व्ही, अधोरेषा, ए-आर-जी-एस, सर्व अक्षरें मोठीं. 'एक्स्पोर्ट' ह्या शब्दानें आरंभ करून ही ओळ टर्मिनलच्या स्वतःच्या आरंभफाइलींत, म्हणजे 'डॉट बॅशआरसी'मध्यें, लिहावी आणि टर्मिनल नव्यानें उघडावें. ह्यापुढें बीसी तुमची पहिली ओळ वाचण्यापूर्वीं ती फाइल वाचून घेतो. पत्ता अर्धवट दिला तर मात्र एका फोल्डरांत सर्व ठीक चालतें आणि दुसऱ्यांत फाइल सांपडत नाहीं; ह्यावर माझा एक सबंध शनिवार खर्ची पडला आहे.

आतां माझी चूक. रुपयास पैशांचीं दोनच स्थळें असतात, तेव्हां व्याजाच्या धड्यासाठीं स्केल २ पुरेल असें समजून मीं तें आरंभफाइलींत लिहिलें. आपल्या खोलींत सर्व विद्यार्थी एकाच खात्यानें प्रवेश करतात, म्हणून माझी एक ओळ साऱ्यांवर लागू झाली. मुलीनें प्रथम ७.२५ भागिलें १०० केलें. खरें उत्तर ०.०७२५, पण बीसी दोन स्थळांपुढचें सर्व छाटून टाकतो, जवळच्या अंकापर्यंत पूर्ण करीत नाहीं. उरलें .०७ (आधींचें शून्य तो लिहीत नाहीं). त्यास ५००० नें व ३ नें गुणलें कीं १०५०.००. मीं मात्र घरीं आधीं सर्व गुणाकार केले, १०८७५० आले, आणि शेवटीं १०० नें भागिलें; म्हणून माझे साडेसदतीस रुपये वांचले. दोघांची रीति शुद्ध होती. फरक एवढाच कीं तिनें भागाकार आधीं केला.

व्याजाच्या धड्यासाठीं म्हणून मीं स्केल १० केलें. मधल्या पायऱ्या लांब ठेवाव्या आणि पैशांपर्यंत पूर्ण करण्याचें काम अगदीं शेवटीं, आपल्या हातानें करावें. पण एवढ्यानें प्रकरण मिटलें नाहीं. पुढच्याच महिन्यांत आठवीच्या मुलांना मीं कापरेकर संख्या शिकवीत होतों. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्यें डहाणूस झाला. देवळालीच्या शाळेंत ते अनेक वर्षें शिक्षक होते. त्यांच्या नांवाच्या ह्या संख्यांची गंमत अशी: ४५ चा वर्ग २०२५, त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज पुन्हां ४५. तसाच २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून २९७. २०२५ चे तुकडे करण्यासाठीं त्यास १०० नें भागून भागाकार व बाकी घ्यावी लागते. मुलांनीं तसें केलें तों भागाकार आला २०.२५०००००००० आणि बाकी आली शून्य! विचार केला तर बीसीचें बोलणें सुसंगत आहे. दहा स्थळांपर्यंत भागाकार पूर्ण झाल्यावर बाकी कशाची राहणार? जें स्केल व्याजास हवें तेंच येथें नडलें. येथें शून्यच पाहिजे.

अशा वेळीं आरंभफाइलींत संख्येऐवजीं एक लहानसें कार्य लिहून ठेवणें बरें. त्या कार्यानें प्रथम चालू स्केल एका स्थानिक चलांत जपून ठेवावें, मग स्केल शून्य करावें, बाकी काढावी, आणि परततांना जुनें स्केल जागच्या जागीं बसवावें. दुसऱ्याच्या घरची खुर्ची हलविली तर उठतांना पूर्ववत् ठेवतात, तसेंच हें.

सर्वांत फसवी गोष्ट संख्यालेखनाच्या पायाची. एका हौशी मुलानें अष्टमान पद्धति शिकतांना 'आयबेस बरोबर ८' ही ओळ आरंभफाइलींत टाकली व घरीं गेला. दुसऱ्या तासाच्या मुलांना १२ आणि १२ मिळून २० दिसूं लागले, कारण आंत जाणारा प्रत्येक १२ हा आतां दहा होता. एकानें शहाणपणानें 'आयबेस बरोबर १०' लिहून पाहिलें. कांहीं बदललें नाहीं, कारण तो १० देखील अष्टमानांत वाचला गेला, म्हणजे आठच! सुटकेचा मार्ग असा कीं दहाऐवजीं मोठें ए हें अक्षर लिहावें. एकटें असतां तें कोणत्याही पायांत दहाच राहतें.

सर्वच कार्यक्रम असे नसतात. ऑक्टेव्हच्या आरंभफाइलींत जास्त अंक दाखविण्याची आज्ञा दिली तर केवळ दिसणें बदलतें, आंतील हिशेब तोच राहतो. पवईच्या आय.आय.टी.त 'फॉसी' प्रकल्पानें ज्याचा प्रसार चालविला आहे तो सायलॅबही सुरू होतांना वापरणाराची आरंभफाइल वाचतो. कोणताही कार्यक्रम हातीं घेतला तर ती फाइल कोठें आहे व तिनें हिशेब बदलतो कीं नुसतें दर्शन, हें आधीं पाहावें. बीसींत हें सोपें आहे: स्केल हा शब्द एकटाच लिहून कळ दाबा, चालू संख्या समोर येते.

पालकांस एक विनंती. घरच्या संगणकावर भावंडें एकच खातें वापरीत असतील तर प्रत्येकास वेगळें खातें करून द्यावें. आरंभफाइल खात्यागणिक वेगळी असते. शाळेंत आम्हीं आतां वहीच्या पहिल्या ओळींत स्केल व आयबेस लिहिण्याची रीत घातली आहे. त्या मुलीच्या वहीवरील शेरा मीं खोडला, शेजारीं सही केली, आणि तिचे गुण तिला परत दिले.