लोणारच्या काचेची साक्ष

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे गाव दैत्यसूदनाच्या मंदिरासाठी आणि खाऱ्या पाण्याच्या सरोवरासाठी प्रसिद्ध आहे. विष्णूने लवणासुराचा वध येथेच केला, अशी लोककथा आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली. तेव्हापासून अभ्यासकांपुढे एक प्रश्न होता : सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे वर्तुळाकार विवर काळ्या कातळात झाले कसे? सारा परिसर लाव्हारसाच्या थरांचा असल्याने हे ज्वालामुखीचेच कार्य असावे, असे दीर्घकाळ मानले गेले. या वादाचा निकाल एका पदार्थाच्या सूक्ष्म अभ्यासाने लागला.

भट्टीशिवाय झालेली काच

घन पदार्थातील अणू नियमित रचनेत असतील तर तो स्फटिक होय. ती रचना विस्कटली की काच होते. चिनीमातीच्या भांड्यांसाठी मातीत फेल्स्पार हे खनिज मिसळतात. भट्टीत ते वितळते आणि थंड होताना काच होऊन इतर कणांना सांधते. लोणारच्या बेसाल्ट खडकातही फेल्स्पार आहे. दोन लाख वातावरणांहून अधिक दाबाचा धक्का क्षणार्धात बसल्यास हे खनिज न वितळताही काचरूप होते. बाहेरचा आकार स्फटिकाचाच राहतो, आतील रचना मात्र मोडते. हाच मॅस्केलिनाइट. बिहारमधील शेरघाटी येथे १८६५ साली पडलेल्या अशनीत तो प्रथम ओळखला गेला. ज्वालामुखीत असा आघात संभवत नाही.

१९७३ चा निर्णय

सरोवराच्या तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत हाच पदार्थ सापडला. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांनी १९७३ साली तो पुरावा प्रसिद्ध केला आणि लोणार हे आघातविवर असल्याचे सिद्ध झाले. चंद्र व मंगळ यांच्या पृष्ठभागावरही बेसाल्ट असल्याने तेथील विवरे समजून घेण्यास लोणारचे नमुने उपयोगी पडतात. आघाताने कठीण पदार्थाची घडण कशी मोडते, हे प्रगत सिरॅमिकचे संशोधक प्रयोगशाळेत तपासतात. निसर्गाने तोच प्रयोग येथे विराट प्रमाणावर केला आहे.

विवराच्या वयाचा प्रश्नही याच दगडांनी हाताळला. काचेच्या परीक्षणावरून ते सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई. २०११ मधील आरगॉन-पद्धतीच्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे आले. नमुने शिल्लक होते, म्हणूनच फेरतपासणी शक्य झाली.

जबाबदारी

२०२० मध्ये सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. परंतु पुरावा केवळ पाण्यात नाही. आघाताने बाहेर फेकलेल्या दगडमातीचा थर काठापलीकडच्या शिवारातही पसरला आहे. मुरूम म्हणून तो उकरला गेला किंवा बांधकामाखाली गेला, तर पुन्हा मिळणार नाही. खोदकामास संमती देण्यापूर्वी पंचायतीने याचा विचार करावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तेथे अवश्य न्यावे. मात्र दगड उचलून आणण्याऐवजी जागच्या जागी पाहण्यास शिकवावे.