गॅस गीझर घेताय? बाथरूमच्या बाहेरच बसवा
रात्रीच्या लाईनवर हरभऱ्याचं ओलित करून आलं की गरम पाणी हवंच. पण गीझर बसवताना चूक नको.

१) गीझर व सिलिंडर बाहेर मोकळ्या हवेत ठेवा, आत फक्त गरम पाण्याचा पाईप न्या. बंद जागेत गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो.
२) आयएसआय मार्क (आयएस १५५५८) बघूनच घ्या.
३) टाकी कमी उंचीवर असेल तर दुकानात आधी सांगा; पाण्याला दाब नसला तर गीझर पेटत नाही.
४) चक्कर, मळमळ वाटली तर लगेच बाहेर या, १०८ ला फोन करा. गॅस गळतीसाठी १९०६.

घरात सगळ्यांना वाचून दाखवा.
– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, मानोरा